बाईंनी काढलेलं घर

संगणकाच्या तासाला बाईंनी आपला स्क्रीन सगळ्या मुलांच्या स्क्रीनवर दाखवत घर काढायला घेतलं. एरवी डोकं उठवणारा वर्ग चिडीचूप झाला. बाई मनोमन सुखावल्या.

"बाई, खिडकीतला दिवा मस्त!" पहिल्या रांगेतली चिमी म्हणाली.

बाईंनी दिवा काढलाच नव्हता. "थापा मारू नकोस गं," म्हणत त्या हसत तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

चिमीच्याच काय, सगळ्यांच्या स्क्रीनवर खिडकी उजळली होती. बघता बघता घराचं दारही हळूच उघडलं. किती ऊबदार दिसत होतं ते!

मुलं एकदम उठली. वर्गाच्या दारात रोज विचारतात त्याच सुरात, स्क्रीनकडे बघत त्यांनी विचारलं, "आत येऊ का, बाई?"

इतक्या वर्षांची सवय. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "या."