अजून एक वाजवा

दादांनी दाराला आतून कडी घातली, वर छोटं कुलूपही लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मध्येच कुणी उठून गेलं की मैफलीचा विचका होतो, असं म्हणून ते हसले. जमलेली मंडळीही हसली. गिटारवालीला मात्र ते हसणं आज खटकलं.

या दिवाणखान्यात ती वर्षभरात बऱ्याचदा वाजवून गेली होती. माईक नाही, स्पीकर नाही. सोफे भिंतीला सरकवलेले, गालिच्यावर उशा टाकलेल्या आणि श्रोते अगदी हाताच्या अंतरावर. इतक्या जवळ बसल्यावर कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी ते सुरात आहे की नाही, हे वाजवणाऱ्याला कळतं. आणि नको असलं तरी घरही दिसतं. सभागृहात समोर अंधार असतो. इथे दिवे चालू असतात आणि माणसं उघडी पडतात.

तिला दिसत होते ते दादा आणि वहिनी. सगळे त्यांना याच नावांनी हाक मारत. वहिनी हसतमुख, प्रत्येकाची विचारपूस करणाऱ्या. आज त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर पट्टी होती. कपाटाच्या दारात हात सापडला, असं त्यांनी सांगितलं. मागच्या खेपेला त्यांचं मनगट सुजलेलं होतं, तेव्हा त्या म्हणे घसरून पडल्या होत्या.

दादा घुमे. भर उकाड्यातही बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. वहिनी चहा करायला आत गेल्या की त्यांची मान तिकडे वळे, वहिनी बाहेर आल्या की नजर त्यांच्याबरोबर खोलीभर फिरे. बायकोवर असा पहारा ठेवणारा माणूस गिटारवालीने कधी पाहिला नव्हता.

त्यात आज वर येताना जिन्यात शेजारच्या मावशी भेटल्या होत्या. त्यांची आणि या घराची भिंत एकच. तुमचं वाजवणं चालू असतं तेवढाच वेळ काय तो निवांतपणा, असं त्या म्हणाल्या. एरवी पलीकडून आदळआपट ऐकू येते. मग रडणं, तेही उशीत तोंड खुपसून रडल्यासारखं. सोन्यासारखी बाई आणि तिच्या नशिबी हा माणूस, असं म्हणून मावशींनी डोळे टिपले.

तिने ठरलेलं सगळं वाजवून संपवलं. टाळ्या झाल्या.

"अजून एक वाजवा," दादा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचंच होतं. आजवर ती ते कौतुक समजून फुशारत होती. तिने एक वाजवलं. दादांनी अजून एक मागितलं. तेही तिने वाजवलं. खिडकीबाहेर दिवस कलला. श्रोते मांड्या बदलू लागले, एका काकांनी जांभई रुमालात लपवली.

"अहो, तिची बोटं दुखत असतील. सोडा आता सगळ्यांना," वहिनी लाडाने म्हणाल्या.

दादा पाण्याचा पेला घेऊन गिटारवालीजवळ आले आणि खाली वाकले. त्यांच्या हातातलं पाणी गालिच्यावर सांडत होतं.

"काहीही वाजवा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पण थांबू नका."

त्यांचा श्वास थरथरत होता. केवढा हा संताप, तिला वाटलं, आणि तिच्या मनात लख्ख उजेड पडला. मैफली, चहा, रसिकपणा, सगळा देखावा. असल्या सभ्य घरात काही वाईट घडत असेल असं कुणाच्या स्वप्नातही येऊ नये, म्हणून. आणि आपण वर्षभर या देखाव्याला साथ देत आलो. तिला स्वतःची शिसारी आली. तिने गिटार पेटीत ठेवली.

"कुलूप काढा, दादा. लोकांना घरी जायचंय." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "या घरातली ही माझी शेवटची मैफल. बाकीच्या कलाकारांनाही मी सांगणार आहे. या घरात जे चालतं ते झाकायला आमचं संगीत नाही."

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. कुलपाचं भोक त्यांना लवकर सापडेना. मंडळी चपला शोधत, एकमेकांकडे न बघता बाहेर पडली.

गिटारवालीने वहिनींचा हात धरला. "माझ्याबरोबर चला. आत्ताच्या आत्ता. नेसत्या कपड्यांनिशी."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "वेडी आहेस. माझं घर सोडून मी कुठे जाऊ?"

दादा दार धरून उभे होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं आणि शब्द गिळला. गिटारवाली मान ताठ ठेवून त्यांच्यासमोरून निघून गेली.

पण ती घरी गेली नाही. मावशींनी तिला आत घेतलं. दोघी त्या सामाईक भिंतीपाशी उभ्या राहिल्या. गिटारवालीने पोलिसांचा नंबर लावून अंगठा बटणावर ठेवला. सगळ्यांसमोर आपण त्या माणसाची अब्रू काढली, आता तो राग वहिनींवर निघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वहिनींची एक किंकाळी ऐकू आली की फोन. त्यांच्या केसाला धक्का लागला तर ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

खाली गाड्या सुरू झाल्या आणि लांब गेल्या. पलीकडे दाराची कडी लागली.

मग भिंतीवर काहीतरी जोरात आदळलं. मावशींनी तिचा दंड घट्ट पकडला.

"तिला काय सांगितलंस तू?" वहिनींचा आवाज आला, शांत आणि स्वच्छ.

"काही नाही, शपथ घेतो," दादा रडत म्हणाले. "तोंडावर नको मारू, उद्या कामावर जायचंय."