बंद दारामागचं कडवं

तेच कडवं पुन्हा सुरू झालं आणि आईच्या हातातली वाटाण्याची शेंग सोलायची राहिली.

"घे तुझी चावी, घे तुझं घर,
मी जाते, माझी वाट बघू नकोस."

लेकीकडे राहायला आल्यापासून आई हेच ऐकत होती. संध्याकाळी लेक आणि जावई आतल्या खोलीत जायचे, दार लागायचं आणि मोबाईलवर ही बाई गळा काढायची. चावीचा अर्थ आईने पहिल्याच दिवशी लावला. फ्लॅट जावयाच्या नावावर होता, म्हणजे 'तुझं घर' ते हेच. पुढे 'तू बोलत नाहीस, भिंती बोलतात' असं होतं, आणि जावई तर मुलखाचा अबोल. गाणं लिहिणारा जणू याच घरात माळ्यावर बसून होता.

लेकीला विचारायची सोय नव्हती. ती दुभाषी. कोर्टात, दवाखान्यात एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावण्यात तिचा दिवस जायचा. आईच्या वाट्याला फक्त "काही नाही गं, दमलेय." आईच्या जिवाला घोर लागला होता. तिने मनातल्या मनात आपल्या घरातली मधली खोली रिकामीही केली होती. शिलाई मशीन हलवलं तर लेकीचा पलंग बसत होता.

आत गाणं थांबलं. जावयाचा आवाज आला, "नाही. खोटं वाटतंय. कुणीही ओळखेल."

"मग काय करू मी?" लेक रडकुंडीला आली होती.

आई ताडकन उठली. वाटाणे घरभर झाले. तिने दार ढकललं. "बॅग भर. जावईबापू, तुम्ही राहा तुमच्या घरात. ही माझ्याबरोबर येतेय."

लेक खोलीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात हवेत. समोर जावई मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढत होता.

"आई, आधी बस," लेक म्हणाली. "रविवारी गाण्यांचा कार्यक्रम आहे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना मी स्टेजवरून गाणं हातांनी सांगणार आहे. त्याची तालीम चाललीय."

कोर्टातल्या साक्षी लेक हातांनी सांगते, हे आईला ठाऊक होतं. गाणंही सांगता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मटकन पलंगावर बसली. छातीवरचं ओझं उतरलं आणि तिला आधी हसू आलं, मग रडू. मधल्या खोलीत शिलाई मशीन पुन्हा आपल्या जागी गेलं.

"मग तुम्ही खोटं कशाला म्हणालात?" तिने डोळे पुसत विचारलं.

जावयाने मोबाईल खाली ठेवला.

"बाकी सगळं छान करते, आई. पण 'मी जाते' म्हणताना मागे सरकायचं असतं. ही दर वेळी माझ्याकडेच चालत येते."