तयार मजकूर

"कारण काय टाकू? तीनच असत्यात बघा. आजारपण, घरगुती अडचण, न्हाईतर स्पर्धा परीक्षा," जोतीराम टायपिस्ट म्हणाला. कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर त्याची टपरी. शिक्षणात खंड का पडला, त्या गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्याच्या कॉम्प्युटरात कायमचा तयार. येईल त्या पोराचं फक्त नाव बदलायचं, की काम फत्ते.

"घरगुती अडचण टाका," कुतुबुद्दीन म्हणाले.

"थांबा." सबिना पुढं झाली. "कसली अडचण हुती, अब्बा?"

कुतुबुद्दीननी इकडंतिकडं बघितलं. मागं एक मुलगी मामाबरोबर नंबर लावून उभी होती. मामांनी तिचं कारण आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं: आजारपण. पोरगी चांगली ठणठणीत दिसत होती.

सबिनाला एमएस्सी फिजिक्सला जागा मिळाली होती, तीही शेवटच्या फेरीत. मार्कलिस्ट, दाखला, सगळं विभागात दाखवून झालं होतं. बीएस्सीनंतर दोन वर्षं शिक्षण का बंद होतं, तेवढा कागद राहिला होता. पाचच्या आत तो आला नाही तर जागा पुढच्या नावाला जाईल, असं खिडकीतल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. आणि ही बया इथं अडून बसली!

"लिवा," ती जोतीरामला म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी माझं नाव यादीत लागलं होतं. वडिलांनी पाठवलं नाही, म्हणून खंड पडला. मी आजारी नव्हते. घरात अडचण नव्हती."

जोतीरामचे हात हवेतच राहिले. "ताई, असलं तिकडं घेत न्हाईत."

"खरं घेत न्हाईत, असं कुठं लिवलंय ते दाखवा. कारण लिवा, एवढंच म्हटलंय नियमात."

"अगं, सगळी पोरं हेच लिवत्यात!" कुतुबुद्दीनचा आवाज चढला. "कोण बघतंय? फायलीला लागला की मेला तो कागद. चार लोकांत बापाची अब्रू काढाय लागलीस व्हय?"

"कागदाच्या वरती बघा की काय हाय ते. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते.' शपथ हाय ही, अब्बा. गिऱ्हाईक शपथ खायला लागलं की तुमी काय म्हणतासा दुकानात?"

कुतुबुद्दीननी डोळे वटारले. कुरुंदवाडात त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. मोटर जळाली की गिऱ्हाईक आईची शपथ घेऊन सांगायचं, मी काही केलं नाही, आपोआप जळाली. त्यावर यांचं ठरलेलं बोलणं होतं: शपथ खाऊ नको, मोटर आण, ती खरं सांगती. अख्ख्या बाजारपेठेला ते पाठ होतं. कार्टीनं नेमकं तेच काढलं.

"असलं लिवलंस तर ओळखीची सही मी करणार न्हाय," ते म्हणाले. खाली ओळख देणाऱ्याची सही लागत होती आणि इथं सबिनाला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नका करू." सबिना बाकावर बसली. "पाच वाजू देत. जागा गेली तर जाऊ दे. पण खोटं लिवून मी त्या वर्गात बसणार न्हाय."

आता आली का पंचाईत! कुतुबुद्दीननी तिच्याकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हॉस्टेल नको म्हटलं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली होती. त्या एका "बरं"वर ते निवांत झोपले होते. पुढं ती हसायची कमी झाली, तेही त्यांना दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं म्हणायला जीभ रेटली नसती. आज मात्र ती बरं म्हणायचं नाव घेत नव्हती.

मागनं मामा करवादले, "आटपा की हो पावणं, आमालाबी पाचची घाई हाय."

"टाक बाबा," कुतुबुद्दीन जोतीरामला म्हणाले. "ती सांगती तसं टाक." मग जरा खाली वाकून, हळू आवाजात, "तेवढं 'वडिलांनी' काढून 'घरच्यांनी' कर."

"घरच्यांनी न्हाय," सबिना बाकावरनंच म्हणाली. "अम्मीनं माझी बॅग भरली हुती."

जोतीरामनं 'वडिलांनी' तसंच ठेवलं. कागद छापून आला. सबिनानं सही केली. कुतुबुद्दीननी खिशाचं पेन काढलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही ओढली. लाज वाटत होती, रागही आला होता, आणि कसं कोण जाणे, छातीवरचं काहीतरी उतरलंही होतं.

शेजारच्या टेबलावरच्या नोटरी वकिलांनी कागद वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. "असलं कुणी लिहितं का हो? खरंय का हे?"

"खाली सही कुणाची हाय?" कुतुबुद्दीन खेकसले. "बापाचीच हाय नव्हं? मग मारा की शिक्का!"

शिक्का बसला. सबिना कागद घेऊन रिक्षा बघायला पळाली. जोतीराम मामांकडं वळला.

"तुमचं आजारपण न्हवं का? नाव सांगा."

"अंतरा," मुलगी म्हणाली. मामांनी मान डोलावली, तशी ती पुढं बोलली. "पण आजारपण काढा. आत्ता त्या ताईंचा केलासा, तोच मजकूर घाला. नाव तेवढं बदला." तिनं मामांकडं बघितलं. "आणि वडिलांच्या जागी मामा घाला."

मामांनी आ वासला. रिक्षातून सबिना हाका मारत होती. कुतुबुद्दीननी खिशाला लावलेलं पेन पुन्हा काढलं आणि मामांच्या पुढं धरलं.

"घ्या, पावणं. सही लागतीया."