जुन्या स्क्रूची ढिलाई

"हात लावून तरी बघा, आण्णा," संघप्रिया म्हणाली. "चावत न्हाय ते."

आण्णासोंनी उजवा हात पँटच्या खिशातून काढला नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते छोटं मिलिंग मशीन उभं होतं. शिरोलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून भंगारात निघालेलं, बापलेकींनी घासूनपुसून पुन्हा चालतं केलेलं. संघप्रियाला आता ते संगणकावर चालवायचं होतं. टेबल लांबीला सरकवणारा जुना स्क्रू तिनं सकाळीच काढला होता आणि मैत्रिणीकडून चाचणीपुरता आणलेला बॉल स्क्रू त्या जागी बसवला होता. टेबल आडवं सरकवणारा स्क्रू अजून जुनाच होता. एक हँडल नव्याचं, एक जुन्याचं. आज ठरवायचं होतं: सगळे नवे मागवायचे, की जुन्यांनाच मोटारी जोडायच्या. हातानं फिरवायची हँडलं दोन्ही वेळी राहणारच होती.

"गोळ्यांवर पळणारा स्क्रू तो," आण्णासो म्हणाले. "लोखंडाच्या किसाचा एक कण आत गेला की बोंबलला. आणि धरून ठेवत न्हाय. कटरनं ओढलं की टेबल निघालं त्याच्या मागनं. जुना कसा, सोडला तितं बसतो."

"बसतो की. तुमच्यासारखा. चौघांनी ढकलला तरी हालत न्हाय."

एरवी ते हसले असते.

जुन्या स्क्रूला ढिलाई होती. हँडल उलटं फिरवलं की ते क्षणभर नुसतंच फिरे. आटे आणि नट यांच्यामधली झिजलेली पोकळी ओलांडून गेल्यावर मगच टेबल हले. उमेदीच्या काळात आण्णासोंनी अशा पोकळ्यांना शिव्या घातल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हापासून तीच पोकळी त्यांचा आसरा झाली होती. बोटांतली थरथर हँडलात उतरे, त्या पोकळीत शिरे आणि तिथेच विरून जाई. टेबलाला तिचा पत्ता लागत नसे. घरात ते चहा अर्धा कप मागू लागले होते. सही करायची वेळ आली की त्यांना चष्मा सापडत नसे. या मशीनपुढे मात्र ते अजून पूर्वीचे आण्णासो होते.

संघप्रियानं त्यांच्या पेटीतलं मोजणीचं डायल काढलं. पिवळ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी नोकरीभर जपलेलं. केसाच्या जाडीइतकं सरकणंही त्याचा काटा लपवत नसे.

"रेघ ओलांडली तर फेराभर मागं जायचं आन् पुन्हा त्याच बाजूनं यायचं," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं न्हवं? कशापायी? ह्या ढिलाईपायी. नव्याला मागं जायलाच नको. जेवढं फिरवाल, तेवढंच सरकतोय."

तेवढंच. आण्णासोंनी जुन्या हँडलाकडे पाहिलं.

"आधी जुना बघू," ते म्हणाले.

तिनं डायल आडव्या बाजूला टेकवलं. त्यांनी जुन्या स्क्रूचं हँडल धरलं. मुठीत थरथर होती. काटा शून्यावर निश्चल होता.

"बघ. दगडागत हाय."

"बघितलं. आता हा."

डायल पुन्हा लांबीच्या बाजूला आलं. काटा शून्यावर आला. आण्णासोंनी डावा हात पुढे केला.

"डावखुरे कवापासनं झालासा?" ती हसली; पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. माघार घ्यायला आता जागा नव्हती. त्यांनी उजवा हात बाहेर काढला, कोपर बरगडीला दाबून धरलं, कटर रेघेवर आणताना रोखत तसा श्वास रोखला आणि नव्या स्क्रूचं हँडल मुठीत घेतलं. तेलानं गार लागलेलं ते धातूचं वर्तुळ क्षणभर शांत राहिलं.

मग काटा हलला.

शून्याच्या अलीकडे. पलीकडे. पुन्हा अलीकडे. त्यांनी मूठ आवळली, तसा तो आणखी जोरात हलू लागला. बाकीचं सगळं मशीन स्थिर होतं, आणि त्या इवल्याशा काचेखाली त्यांचा हात सगळ्यांना दिसेल असा लिहिला जात होता.

संघप्रियानं काट्याकडे पाहिलं. हाताकडे पाहायचं तिनं टाळलं. डायलच्या काचेवर तिनं नखानं टिचकी मारली.

"हे डायलच बिघडलंय वाटतं, आण्णा," ती म्हणाली. "जुनं झालंय. ऱ्हाऊ दे. स्क्रू पण जुनंच ठेवू या."

स्वर ओळखीचा होता. अर्धा भरलेला कप त्यांच्यापुढे ठेवताना ती याच स्वरात बोलत असे.

म्हणजे तिला ठाऊक होतं. वाट मोकळी होती. हो म्हटलं की जुना स्क्रू परत बसणार होता, हँडल त्यांचं राहणार होतं आणि या शेडमध्ये दोघांपैकी कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं. आण्णासोंनी तोंड उघडलं. समोर काटा हलत होता. जॉब चुकल्यावर डायलला दोष देणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी आपल्या मशीनपाशी उभं केलं नव्हतं.

"डायल बरोबर हाय, संघे," ते म्हणाले.

आणि त्यांनी हँडलवरचा हात उचलला. काटा थांबला.