पेटीतला कोट

"काका, पेटीत मशीनसोबत एक कोट निघाला." नागपूरहून अंकितचा फोन होता. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणं हा त्याचा धंदा. "कागदावर निव्वळ मशीन लिहिली हाय. कोट कोणाचा?"

भोजराज बालाघाटच्या आपल्या राइस मिलच्या ओट्यावर उभे होते. कोट कोणाचा, ते त्यांना लगेच कळलं. मशीन चीनच्या ज्या कारखान्यातून आलं, तिथेच मोहित नोकरीला होता. कित्येक हिवाळ्यांत पोरगा घरी फिरकला नव्हता. मागे फोनवर बापाचा खोकला ऐकून म्हणाला होता, कोट पाठवतो.

आणि पाठवला तो असा. त्यात पोराचा तरी काय दोष? बैहरच्या बसने पंपाचा पार्ट पाठवताना त्याच खोक्यात बहिणीसाठी चिवड्याची पुडी सारायची सवय त्याच्या बापाचीच. कागद आणि माल जुळला पाहिजे, हे भोजराजनी मोहितला बजावून सांगितलं होतं. पुडी सारू नको, एवढं सांगायचं राहिलं.

"आपला म्हणाल तर चौकशी लागंन," अंकित म्हणाला, "मशीन अडकून राहीन. चुकून आला, आपल्याले नको, असं लिहून द्या. आजच सुटते."

अंगणात नवं धान येऊन पडलं होतं. जुनं मशीन बंद पडल्यापासून हमाल बसून होते.

"कोणत्या रंगाचा हाय?" भोजराजनी विचारलं.

"राखाडी. काहून?"

"आतून अस्तर हाय का?"

"हाय, काका. चांगला जाड हाय." अंकितचा आवाज नरमला. "काय लिहू मग?"

"लिही, आपला नाही."

संध्याकाळी रिकाम्या घरात त्यांनी स्वतःपुरता भात चढवला, तोच मोहितचा फोन आला. मशीन सुटल्याचं भोजराजनी सांगितलं. पोराला मशीनचं काही पडलेलं नव्हतं.

"और कुछ मिला क्या, बाबा?"

भोजराजना फार एकटं वाटलं. त्यांनी खांद्यावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि वर आलेला खोकला गिळला.

"हौ. मिळाला."

"आस्तीन लंबी तो नहीं है?"

"नाही रे. बरोबर मापात बसला. आत्ता अंगातच हाय, गरम होऊन राह्यलं."