वत्सला चिवडा

आम्ही खटला हरलो. पण तसं काही झालंच नाही अशा थाटात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सकाळी दुकान उघडलं आणि चिवड्याला फोडणी घातली.

चिवडा आईच्या नावाचा: 'वत्सला चिवडा'. ती होती तोवर म्हणायची, "अहो, नावाचा ट्रेडमार्क करून घ्या." अण्णांनी त्याऐवजी मोठी पाटी रंगवून घेतली: 'आमची कुठेही शाखा नाही.' आई गेल्यावर चुलतभाऊ निनादने ते नाव स्वतःसाठी नोंदवलं, सात शाखा काढल्या आणि सातही ठिकाणी हीच पाटी लावली.

दुपारी तो रंगाचा डबा घेऊनच आला. "काका, कोर्टाचा हुकूम आहे. नाव पुसावं लागेल."

"पुसतो. तुझ्याकडचा चिवडा खवट लागतो, तेवढं बघ. काकूचं नाव आहे."

अण्णा शिडीवर चढले. आईच्या नावावर पांढरा रंग फिरवताना मला म्हणाले, "ती सांगत होती रे. मीच म्हणायचो, तुला कोण पळवून नेणार?"

संध्याकाळी त्यांनी मला ट्रेडमार्क कार्यालयासाठी अर्ज सांगितला. शेवट असा: 'सबब, सदर नाव मूळ मालकिणीसह अर्जदारास परत करण्यात यावे, ही नम्र विनंती.'