भैरूला घ्यायचं की नाही

"गर्दी खेचतो तो. गावचा पोरगा आहे, यंदाही घ्यायलाच हवा," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. कबड्डी संघाचे प्रशिक्षक हणमंतराव पाणी प्यायला बाहेर आले.

व्हरांड्यात भैरू गुडघ्याला पट्टी बांधत बसला होता. ज्याच्या चढायांवर संघाने नाव कमावलं, त्याला आता जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. 'आता थांब' हे त्याला कसं सांगावं, या विचाराने हणमंतरावांचा जीव शिणला होता.

"सर, आत काय ठरतंय?"

"तुला घ्यायचं म्हणतायत सगळे."

भैरूने मान खाली घातली. "तुम्ही नको म्हणा सर. मी थकलोय. पण गावाला नाही म्हणायचं माझ्याच्याने होत नाही."

हणमंतराव आत गेले. "माझ्या संघात भैरूला जागा नाही," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बाजारात ओळखीच्या माणसांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पानवाल्याने तर तोंडावरच विचारलं, "पोटच्या पोरासारखा होता ना तुम्हाला?"

"होता," हणमंतराव म्हणाले, आणि सावकाश घराकडे चालू लागले.